एकीची काळजी, अनेकींची सोबत

(अंबरनाथ तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक, अंगणवाडी सेविका व शासकीय कर्मचारी यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो आपल्याकडे सभेत बोलण्याचा विषय मानला जात नाही. रस्ते, पाणी, शाळेची इमारत यांवर आपण तासन् तास बोलतो. परंतु घरातील सून गरोदर आहे, तिला रात्री झोप येत नाही, बाळंतपणाच्या कल्पनेने तिच्या पोटात गोळा उठतो, ही गोष्ट आपण माजघरातच ठेवतो. तिने ती कुणाला सांगितली, तर "बायकांच्या जातीला हे चुकले आहे का?" असे उत्तर मिळते आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये, यासाठीच आजचे हे बोलणे आहे.

येथून जवळच कल्याण आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे बालपण त्या गावी गेले. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते मूल दहा दिवसांतच दगावले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही खंत त्यांच्या मनातून गेली नाही. त्या खंतीतूनच त्या सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचा. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षापूर्वीच, त्यांचे निधन झाले. एका कोवळ्या आईचे दुःख साऱ्या स्त्रियांच्या उपयोगी पडावे, ही त्यांची धडपड होती. आपल्या आजच्या विषयाचे मूळही तेच आहे. एकीने सोसलेले दुसरीच्या कामी यावे, एवढेच त्याचे सार आहे.

तीन शहरे आणि एक नदी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे एका रेल्वेमार्गाने आणि एका नदीने एकमेकांशी बांधलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीत, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार सोडून आलेल्या त्या कुटुंबांतील कितीतरी स्त्रियांनी लष्करी बराकींत, गोणपाटाच्या आडोशाला मुलांना जन्म दिला असेल! त्या वेळी त्यांना माहेर उरलेले नव्हते. शेजारच्या बराकीतील बाई हेच त्यांचे माहेर झाले. परस्परसोबतीची परंपरा या भूमीला नवी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आज चित्र अधिक व्यापक झाले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार इतकी होती. त्यानंतरच्या काळात येथे नव्या इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. घाटावरून, कोकणातून, विदर्भ-मराठवाड्यातून आणि परप्रांतांतूनही तरुण जोडपी येथे संसार थाटण्यासाठी येतात, कारण मुंबईत घर परवडत नाही आणि येथे ते आवाक्यात असते. नवरा पहाटेची लोकल पकडतो, तो रात्रीच परततो. सासू गावी, आई गावी. शेजारच्या दारावरील नावाची पाटी वाचता येते. पण त्या दारामागील माणसाची ओळख नसते. अशा घरात पहिलटकरीण दिवसभर एकटी असते. शहराबाहेर पडले की ठाकूर व कातकरी समाजाचे पाडे लागतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबातील गर्भवतीची नोंद एका गावी होते, पोट वाढते दुसऱ्या गावी आणि प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी होते. दोघींची परिस्थिती अगदी भिन्न आहे, पण उणीव एकच आहे. अडचणीच्या क्षणी विचारावे असे माणूस जवळ नाही.

२६ जुलै २०१९ च्या रात्री या भागात मुसळधार पाऊस झाला आणि उल्हास नदीला पूर आला. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्याने वेढली गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, लष्कर, स्थानिक प्रशासन आणि आसपासचे ग्रामस्थ यांनी मिळून सुमारे १,०५० प्रवाशांची सुखरूप सुटका केली. त्या प्रवाशांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांसह डॉक्टरांचे पथक सज्ज ठेवण्यात आले होते. त्या नऊजणींकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष लागले होते आणि ते योग्यच होते. परंतु त्याच दिवशी याच नदीकाठच्या घराघरांतून आणखी कितीतरी गर्भवती पावसाकडे पाहत, "आज कळा लागल्या तर मी कशी जाणार?" असा विचार करीत बसल्या असतील. त्यांची गणती कुणी केली नव्हती. आपले खरे काम या न मोजलेल्या स्त्रियांचे आहे.

माझा स्वतःचा अनुभव

येथे मी एक घरगुती गोष्ट सांगते. शासकीय व्यासपीठावरून स्वतःविषयी बोलणे प्रशस्त नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि या विषयात आकड्यांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल, म्हणून आपण मला क्षमा करावी.

सुमारे सतरा वर्षांपूर्वी मी बदलापूरहून मुंबईस नोकरीसाठी जात असे. पहिलीच वेळ होती. आठवा महिना चालू होता. पायांवर सूज होती. ती चेहऱ्यावर आणि बोटांवर आली, तेव्हा हातातील बांगड्या निघेनात. डोके सतत ठणकत असे. घरी सांगितले, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींनी "शेवटच्या महिन्यांत सूज यायचीच" असे मायेने समजाविले. शेजारणीनेही तेच सांगितले. मी आठ दिवस गप्प राहिले. मी शिकलेली, पदवीधर, लोकांना माहिती देणे हाच माझा व्यवसाय. आणि माझ्याच शरीराची मला माहिती नव्हती.

लोकलच्या महिलांच्या डब्यात आमचा एक नेहमीचा गट होता. भाजी निवडणे, भिशी, हळदीकुंकू सारे त्या डब्यातच होई. माझे डोहाळजेवणही तेथेच करावयाचे ठरले होते. त्या दिवशी अंबरनाथला चढणाऱ्या एक काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "डोकं दुखतं का गं? डोळ्यांपुढे काजवे चमकतात?" मी मान हलविली. "ऊठ. कल्याणला उतरायचं." मी "कार्यालयात आज महत्त्वाचे काम आहे" असे म्हणू लागले, तर त्यांनी माझी पिशवी उचललीसुद्धा. कल्याणला उतरून त्या मला थेट डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. माझा रक्तदाब इतका वाढलेला होता की मला घरी जाऊ देण्यात आले नाही. मुदतीच्या चार आठवडे आधीच माझी मुलगी जन्माला आली. आज ती उंचीने माझ्याबरोबर आली आहे.

काकूंना हे कसे कळले, हे मला नंतर समजले. त्यांचे स्वतःचे पहिले मूल अशाच सुजेनंतर, अशाच डोकेदुखीनंतर, पोटातच गेले होते. त्यांना त्या वेळी कुणी सांगितले नव्हते. म्हणून त्यांनी मला सांगितले. त्यांचा त्या दिवसाचा पगार बुडाला, त्याचा त्यांनी पुढे उल्लेखही केला नाही.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी शिकले. पहिली म्हणजे, अनुभवी स्त्रीची सोबत प्राण वाचवू शकते. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. घरातील माणसे आणि शेजारीणही माझ्या सोबतीलाच होती, त्यांची मायाही खरी होती. परंतु त्यांची माहिती अपुरी होती. त्यांच्या धीराच्या शब्दांनी माझे आठ दिवस वाया घालविले. तेव्हा नुसती सोबत पुरेशी नाही. सोबतीला अचूक माहितीची जोड हवी. आजच्या माझ्या बोलण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे.

तीन विलंब

माता का दगावतात, याचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन विलंब सांगितले आहेत. दवाखान्यात जावयाचे की नाही, याचा निर्णय घेण्यातील विलंब हा पहिला. तेथे पोहोचण्यातील विलंब हा दुसरा. आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातील विलंब हा तिसरा. पहिला घरात होतो, दुसरा रस्त्यावर आणि तिसरा रुग्णालयात.

महाराष्ट्राने या बाबतीत मोठी मजल मारली आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. नमुना नोंदणी पद्धतीच्या पाहणीनुसार २००१-०३ या काळात राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. रुग्णालयांतील प्रसूतींचे वाढलेले प्रमाण, रुग्णवाहिका, आशा कार्यकर्त्या, रक्तपुरवठ्याच्या सोयी या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु उरलेले मृत्यू टाळणे अधिक कठीण आहे, कारण त्यांतील कित्येकांची सुरुवात पहिल्या विलंबापासून, म्हणजे घरातील "बघू उद्या" या दोन शब्दांपासून होते. तेथे शासनाची रुग्णवाहिका आपण होऊन पोहोचू शकत नाही. तेथे शेजारीण पोहोचू शकते.

अनुभव काय सांगतो?

गर्भवतींनी आणि मातांनी नियमितपणे एकत्र बसावे, आपल्या अडचणी मांडाव्यात आणि त्यांवर आपणच मार्ग काढावा, या पद्धतीचा शास्त्रीय कसोटीवर अभ्यास झालेला आहे. नेपाळमधील मकवानपूर जिल्ह्यात असे गट स्थापन करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भागांत गट होते, तेथे नवजात अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण अन्य भागांच्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या देशात झारखंड आणि ओडिशातील आदिवासीबहुल भागांत 'एकजूट' या संस्थेने हेच काम केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी, की तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाच्या नैराश्यातही मोठी घट दिसून आली. चार जणींत बसून मनातले बोलल्याने मन हलके होते, हे आपल्या आजीला ठाऊक होतेच. आता त्यास शास्त्राचाही आधार मिळाला आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, विशेषतः आरोग्यसेवा दुर्मीळ असलेल्या ग्रामीण भागांसाठी, अशा महिला गटांची शिफारस केली.

महाराष्ट्रालाही हे नवे नाही. जामखेड येथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातील, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांनीच आरोग्याचे काम हाती घेतले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत घालून दिली. अर्भकमृत्यूवर तिचा झालेला परिणाम १९९९ मध्ये जगापुढे आला आणि पुढे देशाच्या धोरणातही तिला स्थान मिळाले.

परंतु प्रत्येक ठिकाणी यशच आले, असे म्हणणे खरे होणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील २४ वस्त्यांमध्ये 'स्नेहा' या संस्थेने महिलांचे गट चालविले आणि गट नसलेल्या तितक्याच वस्त्यांशी त्यांची तुलना केली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते असे की नवजात मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. हे निष्कर्ष त्या संस्थेने प्रांजळपणे जगापुढे मांडले, ही गोष्ट कौतुकास्पद आहे. आपणास त्यातून बोध घ्यावयाचा आहे, कारण उल्हासनगर आणि अंबरनाथ ही शहरे झारखंडपेक्षा मुंबईला अधिक जवळची आहेत.

खेड्यात गावातल्या गावात सारे एकमेकांस ओळखतात. शहरातील वस्तीत माणसे सतत येतात-जातात. आज गटात असलेली स्त्री पुढील महिन्यात भाड्याचे घर बदलते. शहरात रुग्णालये जवळ असतात, तेव्हा प्रश्न केवळ पोहोचण्याचा राहत नाही. तेथे मिळणाऱ्या सेवेचा आणि वागणुकीचाही होतो. २०१३ मध्ये अशा सात चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ज्या ठिकाणी गर्भवतींपैकी निदान ३० टक्के स्त्रिया गटात येत होत्या, तेथेच परिणाम ठळक होता. तात्पर्य स्पष्ट आहे. गट कागदावर असून भागणार नाही. प्रत्यक्ष गर्भवती स्त्री तेथे येऊन बसली पाहिजे. मंडळाच्या अध्यक्षा, सचिव आणि नेहमीच्या चार उत्साही भगिनी यांनीच सभा भरविली आणि जिच्यासाठी सभा ती घरीच भांडी घासत राहिली, तर इतिवृत्त भरेल, पण काम होणार नाही.

बैठकीत काय व्हावे?

महिन्यातून एकदा, दीड तास, एवढीच अपेक्षा आहे. जागा अंगणवाडीची, शाळेच्या वर्गाची किंवा समाजमंदिराची असावी. वेळ मात्र त्या स्त्रियांना विचारून ठरवावी. उल्हासनगरात अनेक स्त्रिया घरी शिलाईची, धागे कापण्याची कामे नगावर करतात. त्यांचा एक तास म्हणजे रोख पैसे असतात. नोकरीसाठी मुंबईस जाणाऱ्या स्त्रीला रविवारखेरीज सवड नसते.

पहिल्या बैठकीत कुणी भाषण करू नये. "तुम्हाला कशाची भीती वाटते?" एवढेच विचारावे आणि ऐकावे. कुणी म्हणेल, रात्री एकटी असते. कुणी म्हणेल, शस्त्रक्रियेची भीती वाटते. कुणी खालमानेने सांगेल, की घरात सर्वांना मुलगाच हवा आहे. या शेवटच्या भीतीपुढे समूहाचे बळ फार उपयोगी पडते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला आणि १९९४ मध्ये देशव्यापी कायदा झाला. परंतु कायदा सासूशी बोलू शकत नाही. शेजारच्या चार सासवा बोलू शकतात. म्हणून एक बैठक सासूबाईंसह आणि एक बैठक पतींसह घ्यावी.

दुसऱ्या बैठकीत धोक्याची लक्षणे सर्वांच्या तोंडपाठ व्हावीत. अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, अंधारी किंवा डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, वेळेपूर्वी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, पोटात असह्य दुखणे. यांपैकी काहीही दिसल्यास गटात चर्चा करीत बसावयाचे नाही, घरगुती उपाय करावयाचा नाही, थेट रुग्णालयात जावयाचे. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यावयाच्या असतात. त्या घेतल्यावर मळमळते म्हणून कितीतरी जणी त्या फेकून देतात. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो, ही युक्ती एक गर्भवती दुसरीला सांगते तेव्हा ती पटते.

तिसऱ्या बैठकीत प्रत्येकीने आपली पूर्वतयारी मोठ्याने सांगावी. प्रसूती कोणत्या रुग्णालयात? तेथे रात्री कसे जाणार? पाऊस असेल तर कोणत्या मार्गाने? १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातील लहान मुलालाही ठाऊक आहेत का? सोबत कोण येणार? थोरले मूल कुणाकडे राहणार? रक्तगट कोणता आणि गरज पडल्यास रक्त कोण देणार? माता व बाल संरक्षण कार्ड कोठे ठेवले आहे? पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे. परंतु माहेरी जाताना लुगडी आणि लाडू यांबरोबर ते कार्डही पिशवीत गेले पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांच्या तपासण्यांची नोंद बदलापुरात राहते आणि प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांपुढे कोरे पान येते. वीटभट्टीवर जाणाऱ्या भगिनीसाठी तर हे कार्ड म्हणजेच तिचे गाव होय.

चौथी बैठक बाळंतिणींची. ज्यांची प्रसूती झाली, त्यांनी बाळ घेऊन यावे आणि काय घडले ते सांगावे. पहिल्या तासात स्तनपान, बाळास ऊब, नाळेला काहीही न लावणे, या गोष्टी तक्त्यावरून शिकण्यापेक्षा मांडीवर बाळ असलेल्या आईकडून शिकल्या जातात. बाळंतपणानंतर काही स्त्रिया उगीचच रडतात, बाळाकडे पाहवत नाही असे म्हणतात. त्यांना बाधा झालेली नसते किंवा त्या निष्ठुरही नसतात. तो एक आजार असू शकतो आणि तो बरा होतो. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो, तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

या बैठकींना तीन पथ्ये आवश्यक आहेत. येथे बोललेले बाहेर जाणार नाही. कुणीही कुणाला औषध सुचविणार नाही. आणि आपल्या बाळंतपणाच्या भयकथा सांगून कुणी पहिलटकरणीला घाबरविणार नाही. अनुभव जरूर सांगावा, पण तो वाट दाखविण्यासाठी.

प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत आणि आतही

पूर्वी सोबतीण प्रसूतिगृहाच्या दाराशी थांबे आणि आत जाणारी स्त्री अनोळखी चेहऱ्यांत एकटी पडे. २०१६ मध्ये केंद्र शासनाने सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीस जवळ राहू देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही सोबतीण शक्यतो स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली, संसर्गजन्य आजार नसलेली असावी, स्वच्छ वस्त्रे घालावीत आणि उपचारांत हस्तक्षेप करू नये, अशा अटी आहेत. २०१७ मधील एका मोठ्या आढाव्यात २६ चाचण्यांतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अनुभव तपासण्यात आला. कळांच्या काळात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळले आणि कळांचा काळही काहीसा कमी झाला. हात धरून बसणे, पाठ चोळणे, घोटभर पाणी देणे यांस खर्च काहीच नाही.

शासनाच्या अन्य सोयीही गटातून सर्वांस ठाऊक व्हाव्यात. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गर्भवतींची तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी होते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पात्र मातेस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. नोकरदार स्त्रीस २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू शकते. या हक्काची सुरुवातही आपल्याच भूमीत झाली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक विधेयकास पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. आईची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, हा विचार त्यामागे होता.

आपणाकडून अपेक्षा

पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे, की ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिचा विचार करताना या बैठकींचाही विचार व्हावा. गावातील वाहनमालकांची एक यादी करून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे अखेरीस, जून ते सप्टेंबरमध्ये प्रसूती अपेक्षित असलेल्या स्त्रियांची नावे आशाताईंकडून घ्यावीत. ज्यांचा रस्ता पाण्याखाली जातो, त्यांनी आठ दिवस आधीच शहरातील नातलगांकडे अथवा रुग्णालयाजवळ यावे, अशी सोय करावी. पुराच्या रात्री होडी शोधण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

शहरांतील लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी महिला आरोग्य समित्यांकडे लक्ष द्यावे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाखाली साधारणपणे ५० ते १०० घरांमागे अशी एक समिती असावी, अशी योजना आहे. तिच्या बैठकीत गर्भवती स्त्री प्रत्यक्ष येते का, हे विचारावे. उपस्थितीच्या सह्यांपेक्षा त्या एका प्रश्नाने अधिक कळेल.

शिक्षकांचे कार्य तर अनन्यसाधारण आहे. आपल्या शाळेत येणाऱ्या मुलाची आई पुन्हा गरोदर असू शकते. पालकसभेच्या वेळी आपण तिला गटाची माहिती देऊ शकता, वर्गाची खोली रविवारी उघडून देऊ शकता. आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांना १०२ आणि १०८ हे क्रमांक पाठ असतील, तर घरात कुणी मोठे नसतानाही मदत बोलाविली जाईल.

आणि आरोग्य खात्यातील माझ्या बंधू-भगिनींना मी नम्रपणे एवढेच सांगेन, की गटाच्या आधाराने धीर एकवटून एखादी स्त्री रुग्णालयाच्या पायरीवर आली, तर तिला मिळणारा पहिला शब्द सौजन्याचा असावा. तो एक शब्द कठोर निघाला, तर ती परत जाते; आणि तिच्याबरोबर गटातील दहाजणी परत जातात.

मित्रहो, माझ्या त्या अंबरनाथच्या काकू नंतर निवृत्त झाल्या. त्यांचा आमचा डबा सुटला. माझी मुलगी सहा महिन्यांची झाली, तेव्हा मी तिला घेऊन त्याच लोकलने गेले होते. काकूंनी तिला मांडीवर घेतले आणि अंबरनाथ ते कल्याण एक शब्दही बोलल्या नाहीत. उतरताना मी त्यांना विचारले, "तुमचे उपकार कसे फेडू?" त्या म्हणाल्या, "पुढच्या बाईला सांग."

तेच मी आज येथे करीत आहे. आपणही आपापल्या गावी परतल्यावर पुढच्या बाईला सांगावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपविते.